कार्बाइन, काडतुसं आणि दोन किल्ल्या

परदेशातल्या मराठी मंडळींच्या जेवणात तुम्ही सहज म्हणालात की "काल सकाळी रेंजवर गेलो होतो", तर समोरच्याला आधी गोल्फच वाटतं. खुलासा केला की मग तीन ठरावीक प्रतिक्रिया येतात. एक जण डोळे विस्फारून "म्हणजे खरी बंदूक?" असं विचारतो. दुसरा हळूच बाजूला घेऊन "कुठली घेऊ रे?" म्हणतो. आणि तिसरी व्यक्ती, बहुतेक वेळा कोणाची तरी आई, काहीच न बोलता वरण वाढायला उठते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: हो, खरीच. दुसऱ्याचं उत्तर फोनवर इतक्यांदा देऊन झालंय की एकदाचं लिहूनच टाकावं म्हटलं. आणि तिसऱ्या, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ लागला. तेही खाली आहेच.

आधी एक कायदेशीर सूचना, कारण हे वाचणारे निम्मे लोक व्हिसावर असणार. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार एच-वन-बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यासाठी ब्लॉग नको, वकील गाठा. "रेंजवर भाड्याने घेतली तर चालतं" हे मित्राचं ज्ञान प्रमाण मानू नका. तिथेही बंदूक तुमच्याच हातात असते. मी ग्रीन कार्ड हातात पडल्यावर मगच या वाटेला गेलो. तोपर्यंत माझा बंदुकीशी संबंध म्हणजे कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पमध्ये पोटावर झोपून .२२ रायफलने मारलेल्या पाच गोळ्या, आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्या पदकांच्या बातम्या. बस्स.

कार्बाइन म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे कार्बाइन म्हटलं की बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या गळ्यात लटकणारी, बाजूने मॅगझिन लावलेली काळी वस्तू आठवते. ती ब्रिटिश स्टर्लिंगची भारतात बनलेली आवृत्ती, ९ एमएमची आणि स्वयंचलित. मी म्हणतोय ती त्यातली नव्हे. अमेरिकेत सामान्य माणसाला मिळते ती सेमी-ऑटोमॅटिक: चाप एकदा ओढला की एकच गोळी. मे १९८६ नंतर बनलेली स्वयंचलित शस्त्रं इथे सामान्य नागरिकाला घेता येत नाहीत.

पिस्तूल-कॅलिबर कार्बाइन, म्हणजे पीसीसी, ही दिसायला रायफल आणि पोटात पिस्तुलाचं काडतूस. खांद्याला लावायला दस्ता, सोळा इंची नळी, पण खाणं ९ एमएमचं. कल्पना जुनीच आहे. १८७३ ची विंचेस्टर रायफल .४४-४० काडतूस वापरायची आणि काही वर्षांत कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्वर काढलं. घोड्यावरून हिंडणाऱ्या माणसाला कमरेला एकच पट्टा, दोन्ही शस्त्रांना तीच काडतुसं. आजच्या भाषेत सांगायचं तर फोन आणि लॅपटॉपला एकच चार्जर.

आता सोळा इंचच का? तर हा आकडा कायद्यातून आलाय. दस्ता असलेल्या रायफलची नळी त्यापेक्षा आखूड असेल तर ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टखाली येते आणि वेगळी नोंदणी लागते. त्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आलाय, पण नोंदणी आहेच. नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

आमची रिक्वायरमेंट

सवयीने मी एक यादी केली. बायको म्हणाली, "फ्रिज घेतानाही एवढं केलं नव्हतंस." पण यादीतले निम्मे मुद्दे तिचेच होते.

१. घरात पिस्तूल येणार नाही. ही तिची अट, चर्चेला जागा नाही.
२. तिलाही चालवता आली पाहिजे, आणि ती डावखुरी आहे.
३. आमच्याजवळच्या इनडोअर रेंजवर रायफलची काडतुसं चालत नाहीत, पिस्तुलाची चालतात.
४. काडतूस स्वस्त हवं.
५. घरात सुरक्षित कशी राहील याचं उत्तर आधी, खरेदी नंतर.

तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यांनी ९ एमएम ठरलं. जॉर्ज लुगरने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला काढलेलं हे काडतूस आज इतकं सर्वत्र आहे की त्याहून स्वस्त फक्त .२२ मिळतं. (गंमत म्हणजे भारतात हेच ९ एमएम 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये येतं. नाशिकच्या काकांना हे सांगितल्यावर त्यांना मी अर्धा गुन्हेगार वाटायला लागलो.)

पुढचा प्रश्न यंत्राचा, आणि इथे इंजिनिअर माणसाला मजा येते. बहुतेक स्वस्त पीसीसी 'ब्लोबॅक' पद्धतीच्या असतात. म्हणजे गोळी सुटताना मागची झडप कशानेही लॉक झालेली नसते. केवळ तिचं वजन आणि स्प्रिंग यांच्या जोरावर ती क्षणभर थांबते. साधं, टिकाऊ, स्वस्त. पण एवढं जड लोखंड मागेपुढे आदळतं, त्यामुळे ९ एमएमच्या मानाने धक्का अनपेक्षितपणे जाणवतो. महागड्या बंदुकांमध्ये यावर तोडगे आहेत. एनएसजी कमांडोंच्या हातात दिसणाऱ्या एमपी-५ मध्ये रोलर वापरून झडप उशिरा उघडते, सिग एमपीएक्समध्ये गॅस पिस्टन आहे. दोन्ही चालवायला लोण्यासारख्या. पण एमपीएक्स दोन हजार डॉलरच्या वर, आणि एमपी-५ चा नागरी अवतार एसपी-५ त्याहूनही वर. आपण हे शनिवारी सकाळी कागदाला भोकं पाडायला घेतोय, हे लक्षात असू द्यावं.

मग उरल्या तीन. हाय-पॉइंटची कार्बाइन सगळ्यात स्वस्त, दिसायला ओबडधोबड, पण वापरणारे तिची तक्रार करत नाहीत. केल-टेक सब-२०००, वजन जेमतेम चार पौंड, मधोमध दुमडून लॅपटॉपच्या बॅगेत मावते. कल्पना झकास, पण गाल टेकवायला जी नळी आहे ती माझ्या गालाला काही रुचली नाही. आणि तिसरी रुगर पीसी कार्बाइन. हिच्या झडपेत टंगस्टनचं सरकणारं वजन आहे, ते आपटण्याचा झटका थोडा खाऊन टाकतं. झडप ओढायची मूठ आणि मॅगझिन सोडायचं बटण दोन्ही डावीकडे बदलून घेता येतात. शिवाय एक भाग बदलला की ग्लॉकची मॅगझिन्स चालतात, आणि ती कुठेही मिळतात.

पण माझं मत फिरवलं ते चौथ्याच गोष्टीने. ही बंदूक 'टेकडाउन' आहे. एक खटका दाबून पिळलं की नळीचा भाग वेगळा आणि मागचा भाग वेगळा. जाहिरातीत हे प्रवासाला सोयीचं म्हणून सांगतात. आम्हाला ते पाचव्या मुद्द्याचं उत्तर वाटलं. सहाशे डॉलरच्या आसपास पडली. दुकानात फॉर्म ४४७३ भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, आणि मी जगातल्या सगळ्यात भीत-भीत गाडी चालवणाऱ्या माणसासारखा घरी आलो.

आता दारूकाम

थांबा, ती दारू नव्हे. काडतुसात भरायची.

रेंजवर महिनाभर गेलात की शेजारचा पांढऱ्या मिशांचा आजोबा वाकून आपल्या पुंगळ्या गोळा करताना दिसतो. आपल्यालाही वाटतं, अरे हो, पितळ तर परत वापरता येतं! काडतुसाचे भाग चारच: पितळी पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. पुंगळी सोडून बाकी तिन्ही संपतात. तेव्हा पुंगळी साफ करायची, जुना प्रायमर काढून तिला पुन्हा मूळ मापात दाबायची, नवा प्रायमर बसवायचा, तोंड किंचित उघडायचं, मोजून दारू घालायची, गोळी बसवायची, तोंड परत सरळ करायचं. झालं. ऐकायला मोदकासारखं, आणि मोदकासारखंच पहिले दहा बिघडतात.

यासाठी प्रेस लागतो. प्रकार तीन. सिंगल-स्टेज, उदाहरणार्थ आरसीबीएसचा रॉक चकर: एका वेळी एकच काम. शंभर पुंगळ्यांचं पहिलं काम संपवा, मग साचा बदला, मग शंभरांचं दुसरं. थोडक्यात बॅच प्रोसेसिंग. दुसरा टरेट, उदाहरणार्थ ली क्लासिक टरेट: चारही साचे वरच्या फिरत्या चकतीत, पुंगळी जागेवरच, दांडा चारदा ओढला की एक काडतूस तयार. तिसरा प्रोग्रेसिव्ह, ज्यात अॅरिझोनाच्या डिलनचं नाव लोक देवासारखं घेतात. ही खरी पाइपलाइन. प्रत्येक ओढीला सगळ्या स्टेशनांवर एकाच वेळी काम होतं आणि एक काडतूस बाहेर पडतं. त्यांच्या ५५० मध्ये चार स्टेशनं आणि चकती हाताने फिरवायची, ७५० मध्ये पाच आणि आपोआप फिरते. तासाला काही शे काडतुसं निघतात. पण पाइपलाइन मध्येच अडकली की कुठली पुंगळी कुठल्या टप्प्यावर होती ते आठवावं लागतं. प्रॉडक्शन डीबग केलेल्या माणसाला अधिक सांगायला नको.

आता हिशोब, कारण त्याशिवाय आपल्याला झोप येत नाही. माझ्या बिलांनुसार, प्रायमर ६ सेंट, गोळी ९ सेंट. दारूचा एक पौंड म्हणजे ७००० ग्रेन. एका काडतुसाला चार ग्रेन धरले (हा हिशोबापुरता आकडा आहे, पाककृती नव्हे) तर १७५० काडतुसं, म्हणजे अडीच सेंटांच्या आसपास. एकूण साधारण १८ सेंट. दुकानातलं तयार काडतूस मला २३ सेंटांना पडतं. बचत ५ सेंट.

आम्ही महिन्याला ३०० गोळ्या मारतो, वर्षाला ३६००. म्हणजे वर्षाची बचत १८० डॉलर. टरेट प्रेस, साचे, तराजू, कॅलिपर, पुंगळ्या साफ करायचं यंत्र, सगळं मिळून ४५० डॉलर: वसूल व्हायला अडीच वर्षं. ऑटोमॅटिक प्रोग्रेसिव्हचा सगळा संसार १३०० धरला तर सात वर्षांच्या वर. आणि वेळ? टरेटवर तासाला दीडशे काडतुसं होतात, म्हणजे वर्षाला २४ तास. १८० भागिले २४, म्हणजे तासाला साडेसात डॉलर. टेक्सासमध्ये किमान वेतन ७.२५ आहे. म्हणजे मी स्वतःच्या गॅरेजमध्ये किमान वेतनाहून पंचवीस सेंट जास्त कमावतो :-)

"तुटवडा पडला तर उपयोगी येईल" हेही फारसं खरं नाही. २०२० आणि २१ मध्ये काडतुसं गायब झाली तेव्हा प्रायमरही त्यांच्याबरोबरच गायब झाले होते. तेव्हा कोणी ९ एमएमसाठी "पैसे वाचतात" म्हणून प्रेस घ्यायला सांगत असेल तर त्याला स्प्रेडशीट मागा. .३५७ मॅग्नम किंवा .४५ वाल्यांचं गणित वेगळं, त्यांचं तयार काडतूसच महाग.

मग मी का करतो? कारण काडतूस हवं तसं बनवता येतं. यूएसपीएसएच्या सामन्यांत पीसीसीसाठी 'पॉवर फॅक्टर' १२५ लागतो: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रतिसेकंद, भागिले हजार. दुकानातली ११५ ग्रेनची गोळी माझ्या लांब नळीतून १३०० च्या आसपास जाते, म्हणजे जवळजवळ दीडशे. एवढ्याची गरजच नाही. १४७ ग्रेनची जड गोळी ९०० ने गेली तरी १३२ होतात. ब्लोबॅकचा झटका कमी, आणि वेग आवाजाच्या वेगाच्या खाली असल्याने गोळीचा तो चाबकासारखा तडाखाही नाही. बायकोने पहिल्यांदा ही काडतुसं वापरली तेव्हा मागे वळून फक्त म्हणाली, "हं, आता ठीक आहे." आमच्या घरात याला पुरस्कार म्हणतात.

घेतला तो अर्थात टरेट. महिन्याला तीनशेसाठी पाइपलाइन कशाला? आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं कारण म्हणजे एका वेळी एकच पुंगळी डोळ्यांसमोर असते. ९ एमएमची दारू इतकी थोडी असते की चुकून दुप्पट पडली तरी पटकन लक्षात येईलच असं नाही. आणि या काडतुसाची दाबाची मर्यादा मुळातच प्रति चौरस इंच ३५,००० पौंड आहे, तिच्यावर गेलात तर बंदूक हातात फुटू शकते. उलट दारू पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. आवाज होतो 'फुस्स'. तिच्यामागून दुसरी मारली की नळीचं कल्याण. म्हणून माझे नियम: प्रत्येक पुंगळीत दिव्याने डोकावल्याशिवाय गोळी बसवायची नाही. प्रत्येक दहाव्या काडतुसाची दारू तराजूवर. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. फोन दुसऱ्या खोलीत. प्रमाण पुस्तकातूनच, तेही खालच्या आकड्यापासून सुरुवात. कुठली दारू किती, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आंतरजालावरच्या अनोळखी माणसाचा आकडा वापरू नये, आणि तो अनोळखी माणूस मीसुद्धा आहे.

शिवाय शिसं. जळलेल्या प्रायमरच्या धुळीत ते असतं. त्यामुळे पुंगळ्या साफ करायचं यंत्र घरात नाही, गॅरेजच्या बाहेर. तिथे चहा नाही, खाणं नाही. आत येताना हात गार पाण्याने आणि साबणाने. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतो.

न विचारलेला प्रश्न

आता त्या वरण वाढायला उठलेल्या आईकडे येऊ.

आमचा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी हा प्रश्न होताच. बायको हॉस्पिटलात काम करते. खरेदीच्या आधी तिने मला फक्त एक आकडा दाखवला. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त, २६,३२८, आत्महत्या होत्या. "चोराची गोष्ट मला सांगू नकोस," ती म्हणाली. "घरातल्या माणसांची सांग."

मी त्यावर वाद घातला नाही, कारण घालण्यासारखा नव्हता. मग आम्ही ते डिझाइन केलं. बंदुकीचे दोन भाग, दोन वेगळ्या तिजोऱ्यांत. नळीच्या तिजोरीचा कोड तिला माहीत, मागच्या भागाचा मला. काडतुसं आणि दारू तिसरीकडे, कुलूपबंद. दोघांच्या संमतीशिवाय ही बंदूक, बंदूक होतच नाही. आमच्या टीममध्ये दोन अप्रूव्हलशिवाय कोड मर्ज होत नाही, तसंच. मित्र हसले. "मग चोर आला तर?" तर काही नाही, ही बंदूक चोरासाठी घेतलेलीच नाही. स्वसंरक्षण ज्याला हवंय त्याचं उत्तर वेगळं असेल. आमचं हे आहे.

मुलाला आधी जेफ कूपरचे चार नियम पाठ करायला लावले: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही, नेम लागेपर्यंत बोट चापावर नाही, आणि लक्ष्यामागे काय आहे ते बघायचं. पाढ्यांसारखे म्हणतो. मग रेंज. खरं सांगायचं तर चारपाच वेळा आला आणि कंटाळला. त्याला त्यापेक्षा काडतुसं बनवायला आवडतात. तराजूवर तो माझ्याहून कडक आहे.

ही दोन किल्ल्यांची व्यवस्था मुलासाठी आहे असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगायचो. २०२३ साली माझी नोकरी गेली. आमची अख्खी टीम एका सकाळच्या ईमेलमध्ये संपली. चार महिने घरी होतो. पहिला महिना बरा गेला, मग झोप उडाली. दुपारी तीन वाजता पडदे ओढून बसायचो. जेवताना लोक काय बोलतायत ते ऐकू यायचं, पण पोचायचं नाही. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. माझ्या मनात तसलं काही आलं होतं का? नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात येणार नाही याची खात्री देता येत नव्हती, आणि खात्री नसताना सिस्टीम आपल्या भरवशावर सोडायची नसते, एवढं तरी वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलंय. एका रात्री भांडी लावताना तिला म्हटलं, "माझ्या तिजोरीचाही कोड बदल. मला सांगू नकोस." तिने "का" विचारलं नाही. हात पुसले आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांची वेळ घेतली, आणि मी गेलो.

काही महिने ती बंदूक माझ्यासाठी नव्हतीच. मला तिची आठवणही फारशी आली नाही, यावरून छंद केवढा आणि माणूस केवढा हे कळलं. नोकरी लागून महिना झाल्यावर एका शुक्रवारी तिने चहाबरोबर कागदाची चिठ्ठी ठेवली. त्यावर चार आकडे.

तेव्हा "कुठली घेऊ रे?" विचारणाऱ्या मित्रा, माझं उत्तर असं. स्थानिक रेंजवर वर्ग कर, रुगर आणि केल-टेक दोन्ही भाड्याने चालवून बघ, आणि जी खांद्याला बसेल ती घे. पहिले सहा महिने तयार काडतुसं वापर, पुंगळ्या गोळा करून ठेव. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर टरेट प्रेस आणि चांगला तराजू. पण दुकानात जाण्याआधी दुसरी किल्ली कोणाकडे असेल ते ठरव. एकटा राहात असशील तर रेंजवर लॉकर मिळतो का बघ, किंवा नुसती भाड्याने चालव, मजा तेवढीच आहे. आणि दिवस खराब असतील तर अमेरिकेत ९८८ आणि भारतात १४४१६ हे नंबर आहेत, ते बंदूक असलेल्यांसाठी आणि नसलेल्यांसाठीही.

असो. उद्या सामना आहे आणि अजून साठ काडतुसं बाकी आहेत. मुलगा तराजू मांडून बसलाय.